मानसी जोशी : एका खेळाडूची कारकीर्द आणि समाजाचे उत्तरदायित्व



शेख महंमद महाराजांच्या वास्तव्याने जी भूमी पावन झाली आणि शिंदे घराण्याच्या वाड्यांमुळे जिचे नाव मराठ्यांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, त्या या श्रीगोंद्यात व्याख्यान देण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी या स्मृतिव्याख्यानमालेच्या चालकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. स्मृतिव्याख्यान म्हटले म्हणजे संतवाङ्मय, इतिहास किंवा शेती यांपैकी एखादा विषय अपेक्षित असतो. मी मात्र आज आपल्यापुढे बॅडमिंटन खेळणाऱ्या एका मराठी स्त्रीची कारकीर्द मांडणार आहे. तिचे नाव मानसी जोशी. २०१९ साली ती जगज्जेती झाली. तालमीच्या तांबड्या मातीत वाढलेल्या या जिल्ह्याला खेळाडूचा गौरव कसा करावा हे कोणी शिकवावयास नको. परंतु ज्या खेळाडूचा एक पाय अपघाताने हिरावून घेतला आहे, त्याचा गौरव आपण कोणत्या दृष्टीने करतो, आणि त्या गौरवात खेळाचा वाटा किती व करुणेचा वाटा किती, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. आजच्या विवेचनाचा हाच गाभा आहे. प्रथम ती खेळाकडे परत कशी आली, मग ती प्रत्यक्ष काय खेळली, त्यानंतर नियमांनी तिला काय दिले व काय नाकारले, आणि शेवटी आपल्या तालुक्याने यातून काय घ्यावे, अशा चार टप्प्यांनी मी हा विषय मांडणार आहे.

आरंभी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. बॅडमिंटन हा परदेशातून आलेला, शहरी श्रीमंतांचा खेळ आहे असा एक समज आहे. परंतु या खेळाचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या पुण्यात बांधले, आणि काही काळ हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. पुढे त्याच पुण्यात, क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन कन्यांनी १९४० च्या दशकात देशाच्या महिला बॅडमिंटनवर आपली छाप उमटविली. ज्या काळी मुलीने चारचौघांत धावणेही अनेक घरांत अप्रशस्त मानले जाई, त्या काळी एका प्राध्यापकाच्या मुली हाती रॅकेट घेऊन राष्ट्रीय स्पर्धा जिंकत होत्या! तेव्हा मराठी स्त्री आणि बॅडमिंटन हे नाते नवे नाही. मानसी जोशी त्याच परंपरेची वारसदार आहे.

आता पहिला मुद्दा. मानसीचा जन्म ११ जून १९८९ चा. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीस असल्यामुळे ती मुंबईच्या अणुशक्तीनगर वसाहतीत वाढली, आणि वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांबरोबरच तिने हा खेळ खेळावयास आरंभ केला. सोमय्या महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्स विषयात अभियांत्रिकीची पदवी तिने २०१० मध्ये मिळविली आणि ती संगणकाच्या व्यवसायात शिरली. शिक्षण, नोकरी आणि सायंकाळी थोडा खेळ, असे हजारो मध्यमवर्गीय मराठी मुलींसारखेच तिचे आयुष्य होते. २ डिसेंबर २०११ रोजी दुचाकीवरून कामावर जात असता एका मालमोटारीखाली तिचा डावा पाय सापडला. रस्त्यावर माणसे जमली, धावली. परंतु योग्य रुग्णालय गाठून शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत कित्येक तास गेले. डॉक्टरांनी पाय वाचविण्याची पराकाष्ठा केली, तरी जखमेत कोथ शिरला आणि पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. सुमारे दीड महिना ती रुग्णालयात होती.

श्रोतेहो, या ठिकाणी क्षणभर थांबून मी आपणांस एक प्रश्न विचारतो. त्या तासांचा हिशेब कोणी द्यावयाचा? नशिबाने? मालमोटारीच्या चालकाने? की जखमी माणसाला उचलून योग्य त्या ठिकाणी वेळेवर पोहोचविण्याची ज्या समाजात पक्की तजवीज नव्हती, त्या समाजाने? महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास कायद्याचा ससेमिरा लागू नये अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली. या दोन्ही गोष्टी २०११ च्या त्या डिसेंबरात नव्हत्या. मानसीच्या धैर्याची कथा आपण सांगतो तेव्हा कथेचा हा पूर्वार्ध आपण वगळतो, आणि तो वगळला की सारा भार तिच्या एकटीच्या मनोबलावर पडतो. मनोबल तिच्यापाशी होतेच. परंतु ज्या संकटाचा काही अंश टाळता आला असता, त्या संकटावर मात करणाऱ्याची केवळ स्तुती करून समाजाला मोकळे होता येत नाही.

कृत्रिम पाय बसवून ती पुन्हा चालू लागली. एक वर्ष पुरे होण्याच्या आत कार्यालयीन स्पर्धेत ती खेळली, आणि जिंकली. अपंग खेळाडूंचे बॅडमिंटन म्हणून काही स्वतंत्र व्यवस्था जगात आहे, तिच्या राष्ट्रीय व जागतिक स्पर्धा होतात, ही माहिती तिला याच क्षेत्रातील एका खेळाडूकडून मिळाली. येथे पुन्हा पाहा: तिच्या अंगी गुण होता, परंतु गुणाला वाट कोणी तरी दाखवावी लागली. २०१४ च्या आशियाई अपंग क्रीडास्पर्धेच्या निवडीत तिला यश आले नाही. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत राकेश पांडे यांच्यासह मिश्र दुहेरीत तिने रौप्यपदक मिळविले. या स्टोक मँडव्हिलचे माहात्म्य असे की, दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर तेथे उपचार करणारे डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, अवघ्या १६ खेळाडूंची तिरंदाजीची स्पर्धा भरविली, आणि त्या बीजातून पुढे पॅरालिंपिकचा वृक्ष उभा राहिला. गुटमन यांनी आपल्या रुग्णांना खेळाची साधने दिली, सराव दिला, प्रतिस्पर्धी दिले आणि गुण मोजणारा पंच दिला. दयेपेक्षा या चार गोष्टींनी माणूस लवकर उभा राहतो, हा त्यांच्या कार्याचा सिद्धान्त होय.

दुसरा मुद्दा तिच्या खेळाचा. या मुद्द्यावर मी किंचित रेंगाळणार आहे. कारण मानसीवर लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्या पुष्कळांनी तिच्या पायाविषयी भरपूर सांगितले आहे, पण तिच्या फटक्यांविषयी फार थोडे. अपंगांच्या बॅडमिंटनमध्ये सहा वर्ग असतात: दोन चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूंचे, दोन पायाने अधू परंतु उभ्याने खेळणाऱ्यांचे, एक हाताने अधू असणाऱ्यांचा आणि एक खुज्या बांध्याच्या खेळाडूंचा. मानसीचा वर्ग ‘एस-एल ३’. म्हणजे उभ्याने खेळणाऱ्यांपैकी ज्यांच्या पायाचे व्यंग अधिक तीव्र आहे त्यांचा. या वर्गातील एकेरीचा सामना मैदानाच्या उभ्या अर्ध्या भागात खेळला जातो. रुंदी निम्मी होते. लांबी तीच, १३.४ मीटर, जाळीची उंची तीच, पाच फूट, शटलची पिसे तीच, १६.

अर्धे मैदान म्हणजे अर्धा खेळ, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी विचार करून पाहावा. मैदान अरुंद झाले की डावी-उजवीकडे मोकळी जागा उरत नाही. प्रतिस्पर्ध्याला चकवून कोपऱ्यात शटल टाकावे आणि गुण घ्यावा, हा सोपा मार्ग बंद होतो. मग उरते ती पुढची आणि मागची लढाई. उंच क्लिअर मारून प्रतिस्पर्ध्याला मागच्या रेषेपर्यंत रेटावयाचे, आणि तो तेथे पोहोचतो न पोहोचतो तोच जाळीलगत हलका ड्रॉप टाकून त्याला पुढे ओढावयाचे; आणि हे एकदा, दोनदा नव्हे, तर समोरच्याचा तोल सुटेपर्यंत पुनःपुन्हा करावयाचे. आता गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्या खेळाडूचा विचार करा. जाळीकडे झेप घेताना धडधाकट माणूस ज्या स्नायूंवर विसंबतो, ते स्नायू कृत्रिम गुडघ्यात नसतात. झेप घेणे, थांबणे, आणि मागे परतण्यासाठी स्वतःला रेटणे, ही तिन्ही कामे मुख्यतः एका पायाला करावी लागतात. मागे जाताना तर पाय कोठे पडतो आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि कृत्रिम पायाच्या तळव्याला जमिनीचा स्पर्श कळत नाही. मांडीचा उरलेला भाग ज्या पेल्यात बसवितात तो घामाने सैल होतो, घासतो, सोलवटतो. अशा स्थितीत पाऊल कमी टाकून शटलपाशी आधी पोहोचावयाचे, तर प्रतिस्पर्ध्याचा फटका निघण्यापूर्वीच तो ओळखता आला पाहिजे. ही पूर्वजाण हेच या वर्गातील श्रेष्ठ खेळाडूचे लक्षण होय, आणि ती सरावाखेरीज येत नाही.

हा सराव तिने हैदराबादेस पुल्लेला गोपीचंद यांच्या प्रबोधिनीत २०१८ पासून केला. २०१७ मध्ये कोरियातील उल्सान येथे जागतिक स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक आणि २०१८ मध्ये जाकार्ता येथील आशियाई अपंग क्रीडास्पर्धेत पुन्हा कांस्यपदक, अशी तिची मजल होती. जाकार्तास सुवर्णपदक पटकाविले ते गुजरातच्या पारुल परमार यांनी. पारुलबेन म्हणजे या वर्गाच्या सम्राज्ञी. मानसीहून वयाने सोळा वर्षांनी वडील, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी, अनेक वेळा जगज्जेत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मानसीसमोर त्याच उभ्या होत्या. दिवसातून तीन-तीन वेळा केलेला सराव त्या दिवशी फळास आला. मानसीने तो सामना २१-१२, २१-७ असा जिंकला. दोन भारतीय स्त्रिया, एक जगज्जेती आणि दुसरी तिच्या जागी येऊ पाहणारी, अंतिम सामन्यात एकमेकींपुढे. याहून मोठे वैभव क्रीडाक्षेत्रात कोणते असू शकते? त्याच बासेल नगरात, त्याच दिवसांत, पी. व्ही. सिंधूने ओकुहाराला हरवून जगज्जेतेपद मिळविले. धडधाकटांची आणि अपंगांची जागतिक स्पर्धा एकत्र भरविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. सिंधूचे नाव त्या सप्ताहात घरोघरी पोहोचले, आणि ते योग्यच झाले. मानसीचे नाव मात्र पुष्कळांच्या कानी फार उशिराने पडले.

आता तिसरा मुद्दा: नियमांचा. जगज्जेतेपदानंतर स्वाभाविकपणे टोकियोचा विचार होता. बॅडमिंटनचा समावेश पॅरालिंपिकमध्ये प्रथमच टोकियोस झाला, १४ प्रकारांत पदके ठेवली गेली, आणि ‘एस-एल ३’ वर्गाच्या पुरुष एकेरीत आपल्या प्रमोद भगत यांनी सुवर्णपदक जिंकले. मग याच वर्गाची महिला एकेरी? ती त्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतीच! पुरुषांना जी मुभा, ती स्त्रियांना नाही. जगज्जेती आपल्या प्रकारात खेळूच शकत नव्हती, कारण तो प्रकारच दप्तरी नोंदलेला नव्हता. पारुल परमार यांनी तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वरच्या ‘एस-एल ४’ वर्गात, पूर्ण मैदानावर, आपल्याहून कमी व्यंग असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंज दिली. एखाद्या धावपटूची शर्यतच रद्द करून त्याला वेगळ्या अंतरावर धावावयास लावावे, तशातली ही गोष्ट.

मानसीने खेळ सोडला नाही. २०२२ च्या मार्चात ती आपल्या वर्गात जागतिक क्रमवारीत पहिली होती, त्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले आणि अर्जुन पुरस्काराच्या यादीतही तिचे नाव आले. २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई अपंग क्रीडास्पर्धेत एकेरीचे कांस्य आणि तुलसीमती मुरुगेसन हिच्यासह महिला दुहेरीचे रौप्य, अशी दोन पदके तिने आणली. पॅरिससाठी १६ प्रकार ठरले आणि त्यात तिच्या वर्गाची महिला एकेरी अखेर समाविष्ट झाली; परंतु त्याच वेळी ज्या महिला दुहेरीत तिने आशियाई रौप्य मिळविले होते, ती दुहेरी पत्रिकेतून वगळली गेली. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्या हाताने घ्यावे असा हा न्याय!

आणि पॅरिसमध्ये, २०२४ साली, ती हरली. हे मी मुद्दाम सांगतो. कारण अशा व्याख्यानांतून पराभव गाळण्याची रीत आहे. इंडोनेशियाच्या कोनिताह इख्तियार स्याकुरोहविरुद्धचा सामना तीन गेमपर्यंत गेला. युक्रेनच्या ओक्साना कोझिनाविरुद्धचा सामनाही तीन गेमपर्यंत गेला आणि त्याचा निर्णायक गेम २१-२३ असा सुटला. पुढे स्याकुरोहने रौप्यपदक मिळविले. म्हणजे पस्तिशीत पाऊल ठेवलेली ही खेळाडू उपविजेतीशी तिसऱ्या गेमपर्यंत झगडली, आणि दुसऱ्या सामन्यात केवळ दोन गुणांनी मागे राहिली. हा पराभव कोणत्याही पदकाइतकाच तपशिलाने सांगण्यास योग्य आहे. का? कारण ज्याच्यावर आपण केवळ दया करतो त्याच्या पराभवाची आपण चिकित्सा करीत नाही. ‘बिचारी, एवढे केले हेच पुष्कळ’ असे म्हणून विषय मिटवितो. ज्याला आपण खेळाडू मानतो, त्याचा तिसरा गेम का सुटला हे आपण विचारतो. हिंदकेसरीच्या मैदानात हरलेल्या मल्लाच्या डावाची चर्चा श्रीगोंद्याच्या पारावर आठवडाभर चालते. तो मल्लाचा अपमान नसतो, तो त्याचा सन्मान असतो. मानसीला तोच सन्मान मिळाला पाहिजे.

जगाने तिचे कौतुक केले, यात शंका नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या आशियाई आवृत्तीच्या मुखपृष्ठावर २०२० मध्ये तिचे छायाचित्र आले, आणि तिच्या रूपाची बार्बी बाहुलीही घडविली गेली. कृत्रिम पाय लावलेली आणि हाती रॅकेट धरलेली बाहुली एखाद्या लहान मुलीने पाहावी, आणि तिला त्यात काही विपरीत वाटू नये, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मुखपृष्ठाने मैदान बांधले जात नाही आणि बाहुलीने शिक्षक नेमला जात नाही. त्यासाठी मंजुरी लागते, खर्च लागतो, आणि ‘हे आमचे काम आहे’ असे म्हणणारी माणसे लागतात.

म्हणून चौथा आणि अखेरचा मुद्दा, आपल्या तालुक्याचा. भीमा आणि घोड यांच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा आणि लिंबाच्या बागांचा मुलूख. गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री उसाने लादलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या या रस्त्यांवरून जातात. कडबाकुट्टीत हात जातो, मळणी यंत्रात हात जातो, ट्रॉलीखाली पाय जातो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग माणसांची नोंद झाली. त्यांतील बहुसंख्य खेड्यांत राहतात. मुंबईच्या मुलीला निदान वसाहतीत बॅडमिंटनचे मैदान होते, शिक्षण होते, नोकरी होती. उसाच्या फडात पाय गमावलेल्या मुलीला काय आहे?

हे सारे अशक्य कोटीतले आहे असे कोणी म्हणू नये. जवळच्या करमाळे तालुक्यातील सुयश जाधव या मुलाने विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले आणि तो रिओच्या पॅरालिंपिकमध्ये पोहला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सैनिक. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. हे सगळे आपल्याच मातीतले. गुण सर्वत्र आहे. वाट दाखविणारा आणि वेळेवर हात देणारा मात्र सर्वत्र नाही.

तेव्हा माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली: ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी आपल्या स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा शासनाचा दंडक आहे, प्रत्येक ग्रामसभेत उभे राहून त्या रकमेचा जमाखर्च मागा, आणि तीतील काही वाटा खेळाच्या साधनांसाठी राखून ठेवा. दुसरी: शाळेच्या क्रीडास्पर्धेत व्यंग असलेल्या मुलाला टाळ्या वाजविण्यासाठी कडेला बसवू नका, त्याच्या वर्गाची स्पर्धा भरवा, पंच नेमा, गुण मोजा, आणि तो हरला तर तो का हरला हे त्याला समजावून सांगा. तिसरी: रस्त्यावर अपघात दिसला तर गर्दीत उभे राहून हळहळू नका, १०८ ला कळवा आणि जखमीला पोहोचवा, कायदा आज तुमच्या पाठीशी आहे.

मानसी जोशीने जे करावयाचे ते केले. ती पडली, उठली, शिकली, जिंकली, आणि हरल्यावरही खेळत राहिली. तिच्या वाट्याचे काम तिने पूर्ण केले आहे. आपल्या वाट्याचे बाकी आहे. येत्या ग्रामसभेपासून, येत्या शालेय स्पर्धेपासून ते हाती घ्या, एवढीच माझी आपणां सर्वांस विनंती आहे.